बघ्याची भूमिका: मरणाऱ्या पात्राला गावकऱ्यांनी वाचवावं का?

हे आपल्या ताज्या भागाचं लिखित रूप. बोलताना जे दोन-तीनदा आलं ते गाळलंय, आकडे नीट मांडलेत, बाकी बोलल्यासारखंच ठेवलंय. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांनी चहा घेता घेता वाचावं.

आजचा विषय एका श्रोत्याच्या प्रश्नावरून आला. प्रश्न त्यांच्याच शब्दांत, थोडा आटोपून सांगतो:

"आठवडी बाजारात मारामारी झाली. आमची लढवय्यी शून्यावर पडली. दुसऱ्याच फेरीला डीएमनं एक भाजीवाली पुढं आणली. तिनं तिला ओढत पालाआड नेलं, जखम बांधली आणि ती वाचली. आमचा वैदू चिडला, कारण पुढच्या पाळीला तो तिच्याकडंच निघाला होता. आणि जिचं पात्र वाचलं ती रात्रभर गप्प. डीएम म्हणतो, बाजारात पन्नास माणसं आहेत, एक तरी येणारच की! आता सांगा, चूक कुणाची?"

नव्या मंडळींसाठी एक ओळ. डीएम म्हणजे खेळ चालवणारा. तो जग सांगतो, राक्षस चालवतो आणि वाटेत भेटणारी सगळी माणसं बोलतो. या माणसांना एनपीसी म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एकच पात्र घेऊन बसतात. तर प्रश्न असा, की खेळाडूचं पात्र मरायला टेकलंय आणि आजूबाजूला डीएमची माणसं उभी आहेत. त्यांनी धावून यावं, की बघ्याची भूमिका घ्यावी?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. यावं. पण आलेलं माणूस खरं माणूस असायला हवं. त्याला भीती हवी, कारण हवं, आणि त्यालाही काही गमवावं लागेल अशी शक्यता हवी. डीएमचाच हात पदर घेऊन आला असेल तर तो टेबलावर सगळ्यांना दिसतो. त्या भाजीवालीचं नेमकं हेच झालं असावं.

आता हे उलगडून बघू.

शून्यावर नेमकं काय होतं

आपल्याकडं बहुतेक टेबलांवर डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती चालते, म्हणून 2014 च्या पुस्तकातले नियम धरतो. हिट पॉइंट शून्य झाले की पात्र बेशुद्ध पडतं. मग दर पाळीला खेळाडू वीस बाजूंचा फासा टाकतो. 10 किंवा वर पडलं तर एक यश, खाली पडलं तर एक अपयश. तीन यशं आधी आली तर पात्र स्थिर, तीन अपयशं आधी आली तर मृत्यू. 1 पडला तर दोन अपयशं एकदम. 20 पडला तर एक हिट पॉइंट मिळतो आणि पात्र डोळे उघडतं.

कुणीच काही केलं नाही, वैदू नाही, गावकरी नाही, शत्रूही पुढं निघून गेला, तर हे पात्र किती वेळा वाचेल? मी कागदावर मांडून बघितलं. शंभरात साधारण साठ वेळा. एक अपयश झालेलं असेल तर बेचाळीस वेळा. दोन अपयशं झालेली असतील तर फक्त एकवीस वेळा.

आता यात शत्रू घाला. बेशुद्ध पात्रावर पाच फुटांच्या आतून घाव बसला की तो आपोआप क्रिटिकल धरतात, आणि शून्यावर असताना क्रिटिकल बसला की दोन अपयशं. म्हणजे पडलेल्या माणसावर एकच घाव, आणि साठाचे थेट एकवीस होतात.

हे आकडे डोक्यात ठेवा, कारण यातून पहिली गोष्ट कळते. एकटं पडलेलं पात्र तसं बऱ्यापैकी जगतं. त्याला मारतो तो दुसरा घाव. म्हणून गावकऱ्यानं जखम बांधण्यापेक्षा तो दुसरा घाव चुकवला तर जास्त उपयोग होतो. हा मुद्दा पुढं लागणार आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. एक फेरी म्हणजे सहा सेकंद. तीन यशं किंवा तीन अपयशं व्हायला जास्तीत जास्त पाच फासे लागतात. म्हणजे सगळा निकाल अर्ध्या मिनिटात. साधा गावकरी एका पाळीत तीस फूट चालून शिवाय एक काम करू शकतो, किंवा काम न करता साठ फूट धावू शकतो. तीस फुटांच्या आतला माणूस लगेच पोचतो. नव्वद फुटांवरचा दुसऱ्या पाळीला पोचतो आणि हात लावतो. त्यापलीकडचा माणूस पोचेपर्यंत बहुतेक वेळा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

म्हणजे बाजारात पन्नास माणसं आहेत हे डीएमचं म्हणणं खरं असलं तरी त्यातली कामाची किती? नव्वद फुटांच्या आतली. आणि तलवारी निघाल्यावर अजून तिथंच थांबलेली.

गावकऱ्याला काय जमतं, आणि त्याला काय पडतं

पुस्तकातला साधा माणूस, ज्याला तिथं कॉमनर म्हणतात, त्याचे हिट पॉइंट चार. सगळे गुण दहा, म्हणजे कशातच अधिक नाही, उणं नाही. रक्त थांबवून स्थिर करायला दहाची चाचणी लागते. त्याला ती शंभरात पंचावन्न वेळा जमते. कुणाकडं वैद्याची पिशवी असेल तर चाचणीही लागत नाही. ती पिशवी पाच सोन्याच्या नाण्यांना मिळते आणि दहा वेळा वापरता येते.

म्हणजे तसं बघितलं तर साध्या माणसाच्या हातात बरंच आहे. पण लक्षात घ्या, स्थिर केलं म्हणजे उठवलं नाही. स्थिर झालेलं पात्र बेशुद्धच राहतं, एक ते चार तासांनी एक हिट पॉइंट येतो. गावकरी जीव वाचवेल. लढाई जिंकून देणार नाही. ती जबाबदारी टेबलावरच राहते, आणि ते बरंच आहे.

आता दुसरी बाजू. समजा शेजारी एक गॉब्लिन उभा आहे. अगदी साधा, पहिल्या पातळीच्या पात्रांना भेटतो तसला. त्याच्या एका वारात या गावकऱ्याचे चारही हिट पॉइंट जायची शक्यता दहात सहा. आणि त्याला तीन फासे नाहीत! साध्या एनपीसीचे हिट पॉइंट शून्य झाले की बहुतेक डीएम त्याला तिथंच मेला म्हणतात. पुस्तकही तेच सुचवतं, खास माणसांसाठी तेवढा अपवाद ठेवतं.

बघा कसं आहे ते. ज्याला वाचवायचं त्याला मरणाआधी तीन संधी. जो वाचवायला येतो त्याला एकही नाही. भाजीवाली धावून येते तेव्हा टेबलावरचं सगळ्यात धाडसी माणूस तीच असते. पण डीएम हे बोलून दाखवत नाही, शत्रू तिच्याकडं वळून बघत नाही, तिला फासा टाकावा लागत नाही. मग तिचं धाडस कुणाला दिसणार?

पूर्वी कसं होतं

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ 1974 चा. त्यात शून्य म्हणजे खलास, विषय संपला. 1979 च्या डीएमच्या पुस्तकात पहिल्यांदा सवड मिळाली. शून्यावर बेशुद्ध, मग दर फेरीला एकेक हिट पॉइंट गळत उणे दहापर्यंत, आणि मधल्या वेळात कुणी मदत केली तर वाचला. 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीत दर फेरीला आपोआप रक्त थांबायची दहा टक्के शक्यता आली. 2008 च्या चौथ्या आवृत्तीत मरणाचे फासे आले, ते पाचवीत थोडे बदलून राहिले.

म्हणजे दर आवृत्तीत मरणारा स्वतःच्या बळावर जगण्याची शक्यता वाढत गेली. 1979 च्या हिशेबात कुणी धावून आलं नाही तर तुम्ही गेलात. आज कुणी नाही आलं तरी साठ टक्के. म्हणून जुन्या खेळातला गावकरी गरजेचा होता, आजचा तेवढा नाही. जुनी मंडळी आणि नवी मंडळी या विषयावर भांडतात तेव्हा बऱ्याचदा दोघांच्या डोक्यात दोन वेगळे खेळ असतात.

आपल्या गल्लीत हे आधीच सोडवलंय

आता जरा पुस्तक मिटू. मेलेल्याला परत आणायचं की नाही, कुणी आणायचं, काय मोजून आणायचं, हा प्रश्न आपण सगळे आठ वर्षांचे असताना सोडवून बसलोय.

विष-अमृत आठवतं? ज्याच्यावर राज्य तो हात लावून "विष" म्हणाला की तुम्ही तिथंच गप्प बसायचं. दुसऱ्या गड्यानं येऊन हात लावून "अमृत" म्हटलं की सुटलात. या खेळाची सगळी मजा कशात आहे? अमृत द्यायला येणारा स्वतः पकडला जाऊ शकतो यात. राज्यवाला मुद्दाम विष दिलेल्याच्या आसपास घुटमळतो. सोडवायला जायचं की नाही, हा खरा निर्णय असतो. सोडवणाऱ्याला काहीच धोका नसता तर विष-अमृत दहा मिनिटंसुद्धा चाललं नसतं.

कबड्डीत तर याच प्रश्नावरून वेगवेगळे प्रकार होते. संजीवनी, गनिमी आणि अमर. संजीवनीत समोरचा गडी बाद केला की आपला बाद झालेला गडी परत आत येतो. गनिमीत एकदा बाहेर गेला की संघाचे सगळे बाद होईपर्यंत बाहेरच. अमरमध्ये कुणी बाहेरच जात नाही, नुसते गुण मोजायचे. आज आपण टीव्हीवर बघतो ती कबड्डी संजीवनीच्या वाटेची. त्यातही शिस्त बघा, जो आधी बाद झाला तो आधी परत येतो. आणि बोनसचा गुण मिळाला तर गुण मिळतो, पण गडी उठत नाही. उठवायचं तर समोरच्याला बाद करूनच.

तिन्ही प्रकार खेळ म्हणून चालतात, कारण कुठला प्रकार आहे ते मैदानात उतरायच्या आधी सगळ्यांना माहीत असतं. गनिमी म्हणून उतरला आणि मध्येच पंचानं एकाला उठवून आत पाठवला तर मैदानात काय होईल, कोल्हापुरात सांगायची गरज नाही!

आणि तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा. कच्चा लिंबू. घरातलं लहान भावंड खेळायला घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य येणार नाही, तो बाद होणार नाही. प्रेमानंच केलेलं असतं ते. पण एक दिवस त्या पोराला कळतं की आपण पळालो काय, पकडले गेलो काय, कुणाला फरक पडत नाही. त्या दिवशी ते रुसून घरी जातं.

आता प्रश्नातली ती खेळाडू रात्रभर गप्प का होती, बघा. तिचं पात्र वाचलं, पण तिला बहुतेक असं वाटलं की आपण टेबलावरचे कच्चा लिंबू आहोत. आज भाजीवाली आली, उद्या साधू येईल, परवा घोडेस्वार येतील. मग फासे टाकायचे कशाला?

पण लोक खरंच धावतात का?

काही डीएम उलट टोकाला जातात. "माणसं स्वार्थी असतात, तलवार निघाली की सगळे पळतात, कुणी येणार नाही." याला ते वास्तववाद म्हणतात. मला हे पटत नाही. कोल्हापुरात राहून तर नाहीच.

ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 55 फुटांच्या वर गेली. चिखली, आंबेवाडी, तिकडं शिरोळ तालुका पाण्यात. एनडीआरएफ, सैन्य, नौदल आलंच. पण व्हाइट आर्मीचे स्वयंसेवक, तालमी-मंडळांची पोरं, ज्यांच्याकडं नाव होती ती माणसं, ही सगळी पाण्यात उतरलेलीच होती. कुणी भाकऱ्या केल्या, कुणी जनावरं सोडून उंचावर नेली, कुणी नुसता दोर धरून उभा राहिला. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच.

बाहेरचंही एक उदाहरण देतो. न्यूयॉर्कमध्ये 1964 साली किटी जिनोव्हीज या तरुणीचा खून झाला, आणि 38 जणांनी बघूनही काही केलं नाही ही बातमी जगभर गेली. पुढं ती बातमी बरीच फुगवलेली होती हे उघड झालं. त्याच बातमीमुळं मानसशास्त्रात बघ्यांवर संशोधन सुरू झालं, आणि गर्दी जितकी मोठी तितका एकेक माणूस थंड, असं आपण शिकलो. पण 2019 मध्ये ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाउनमधल्या रस्त्यावरच्या 219 भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण तपासणारा अभ्यास आला. दहातल्या नऊ भांडणांत किमान एक तरी बघ्या मध्ये पडला होता. आणि माणसं जितकी जास्त, तितकी कुणीतरी पडण्याची शक्यता जास्त.

म्हणजे प्रश्नातला डीएम मुळात बरोबर आहे. पन्नासात एक तरी येतोच.

मग माणसं कधी कचरतात? आपल्याकडं रस्त्यावरच्या अपघातात लोक वर्षानुवर्षं कचरत आले, आणि त्यामागं दगडाचं काळीज नव्हतं. पोलीस विचारतील, कोर्टात खेटे घालावे लागतील, दवाखान्यात पैसे भर म्हणतील, ही भीती होती. म्हणून 30 मार्च 2016 ला सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली, आणि 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आलं. सद्भावनेनं मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी नाही, आणि नाव सांगायची सक्तीही नाही.

यातून डीएमला काय मिळतं? एक झकास प्रश्न. तुमच्या जगातल्या त्या गावात मदत करणाऱ्याचं पुढं काय होतं? कोतवाल त्यालाच धरतो का? जमीनदाराचे गुंड उद्या त्याच्या दारात येतात का? हे ठरलं की गावकरी का थांबला आणि का धावला, दोन्हीला कारण मिळतं.

धावून येणं म्हणजे नेमकं काय

आपण वाचवणं म्हटलं की एकदम जखम बांधणं धरतो. पूर बघा, रस्त्यावरचं भांडण बघा. मध्ये पडणारी बहुतेक माणसं छोटी कामं करतात. कुणी ओरडतो. कुणी हात धरून मागं ओढतो. कुणी दार उघडतो, कुणी कंदील वर धरतो, कुणी वैद्याला बोलवायला पळतो.

डीएमसाठी ही सोन्याची खाण आहे, कारण यातलं एकही काम खेळाडूंचा निर्णय हिसकावत नाही. कडेच्या चहावाल्यानं नुसतं ओरडून सांगितलं, "अगं, श्वास चालू हाय अजून!" तर वैदूला माहिती मिळते, पण जायचं त्यालाच. हमालानं शत्रूच्या पाठीत पोतं टाकलं तर मघाचा तो दुसरा घाव चुकतो, साठाचे एकवीस होत नाहीत, आणि फासे खेळाडूच्याच हातात राहतात. म्हातारीनं मागचं दार उघडून धरलं तर पळायची वाट दिसते.

प्रश्नातल्या भाजीवालीनं नेमकं वैदूचंच काम केलं, आणि तेही त्याच्या पाळीच्या आधी. म्हणून तो चिडला. त्याचं चिडणं मला रास्त वाटतं.

मी कसं करतो

आमच्या टेबलावरची पद्धत सांगतो. घरचे नियम आहेत, पटतील तेवढे घ्या.

लढाई सुरू होण्याआधी मी एका चिठ्ठीवर तीनच माणसं लिहितो, भले बाजारात पन्नास असोत. प्रत्येकापुढं तीन गोष्टी. किती फुटांवर आहे, काय करता येतं, आणि काय गमावेल. उदाहरणार्थ: "गुळाच्या गाडीवरचा हमाल, 40 फूट, ताकद आहे पण जखमेचं कळत नाही, घरी चार पोरं." पात्र पडल्यावर मनात आलेला माणूस हा डीएमचा हात. आधी चिठ्ठीवर असलेला माणूस हा त्या जागेचा रहिवासी. टेबलाला हा फरक बरोबर कळतो.

दुसरं, गावकऱ्यांची पाळी फेरीच्या शेवटी. सगळ्या खेळाडूंना एकेक संधी मिळाल्याशिवाय गावकरी हलत नाही. साथीदारांचा मान पहिला.

तिसरं, तो येतो की नाही हे मी ठरवत नाही. सहा बाजूंचा फासा, सगळ्यांसमोर. अनोळखी असेल तर 5 किंवा 6 ला येतो. पात्रांनी त्याच्याशी आधी चांगुलपणा केला असेल तर 3 पासून वर. त्याला लुबाडलं असेल, धमकावलं असेल तर फासाच नाही. याचा एक छान परिणाम होतो. खेळाडू गावात शिरल्यावर माणसांशी नीट बोलायला लागतात, हमालाचं नाव विचारतात.

चौथं, तो आला तर शत्रूला तो दिसतो. मग जे व्हायचं ते होतं, चार हिट पॉइंटसकट.

आणि पाचवं, हे मला सगळ्यात आवडतं. जिचं पात्र पडलंय, तिच्याच हातात मी तो गावकरी देतो. एरवी तिला दर फेरीला एक फासा टाकण्यापलीकडं कामच नसतं. आता तिच्याकडं एक माणूस आहे. फासा अनुकूल पडला तरी शेवटचा निर्णय तिचा.

एकदा घाटातल्या लढाईत असंच झालं. तिची वाटाडी रखमा दोन अपयशांवर होती. हमालाचा फासा 6 पडला. मी म्हटलं, हा घे, जातोस का सांग. ती बराच वेळ त्या चिठ्ठीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "चार पोरं हायत त्याला. तो न्हाई जाणार. तो गाडीमागं बसून रडतोय." आणि तिनं स्वतःचा तिसरा फासा टाकला. 7.

दीड वर्ष खेळलेलं पात्र गेलं. टेबल एकदम शांत झालं, पण कुणी कुणावर रुसलं नाही. पुढच्या रविवारी ती नवं पात्र घेऊन आली. तोच हमाल. रखमाची काठी त्याच्या हातात होती, आणि तिच्यासाठी आपण गेलो नाही, हे तो कुणालाच सांगत नव्हता.

कधी हे नियम बाजूला ठेवावेत

सगळीकडं एकच माप लावू नका. लहान मुलांचं टेबल असेल, किंवा कुणी आयुष्यात पहिल्यांदा फासा हातात घेतलाय, तर खुशाल भाजीवाली पाठवा. पहिल्या दिवशी सगळेच कच्चा लिंबू. फक्त कधीपर्यंत, ते सांगून ठेवा.

उलट, दोघांचं ठरलेलं द्वंद्व असेल तर गावकरी आत शिरू नये. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबागेत 1912 पासून कुस्त्या होतायत. दोन मल्ल मातीत उतरले की हजारो माणसं गळा फाटेस्तोवर ओरडतील, पण कुणी हौद्यात उडी मारत नाही. तिथं मध्ये न पडणं हाच मान असतो. तुमच्या पात्रानं आव्हान स्वीकारलं असेल तर बघ्यांनी बघणंच योग्य.

आणि भयकथा खेळत असाल, जिथं एकटेपणा हाच विषय आहे, तिथं मुळात गर्दीच ठेवू नका. पन्नास माणसं उभी करून त्यांना पुतळे बनवण्यापेक्षा रिकामा रस्ता बरा.

हे सगळं पहिल्या बैठकीत, पात्रं बनवतानाच बोलून घ्या. आपली कबड्डी संजीवनीची, गनिमीची की अमर? दोन मिनिटांचं बोलणं आहे.

तर उत्तर

ज्यांनी प्रश्न पाठवला त्यांना सांगतो. तुमच्या डीएमचं म्हणणं बरोबर, माणसं येतात. तुमच्या वैदूचा रागही बरोबर, पाळी त्याची होती. आणि जी गप्प बसली तिला एकदा बाजूला घेऊन विचारा, तुला काय हवं होतं? तिघांपैकी तिचंच म्हणणं अजून कुणी ऐकलेलं नाही.

आणि त्या भाजीवालीला विसरू नका. तुमची मंडळी पुन्हा त्या बाजारात जातील तेव्हा ती तिथं असू दे. तिचं नाव विचारा. गुंडांनी तिचा पाल मोडला का ते बघा. मोडला असेल तर उभा करून द्या. तेवढं केलंत तरी ती डीएमचा हात राहणार नाही, त्या गावची बाई होईल.

तुमच्या टेबलावर कुणा बघ्यानं कधी कुणाला वाचवलंय का, किंवा पाठ फिरवलीय का? आवाजी निरोप पाठवा, निवडक पुढच्या भागात ऐकवू. पुढच्या वेळी याच्या उलटा प्रश्न घेऊ: शरण आलेल्या शत्रूचं काय करायचं? तोवर फासे जपून टाका, आणि गावात शिरताना माणसांशी नीट बोला.